‘युद्ध भाषणांनी होत नाही’ म्हणणाऱ्या त्या संदेशाला उत्तर

गेले काही दिवस एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. शीर्षक ‘युद्ध भाषणांनी होत नाही!’, खाली सहा मुद्दे, अधूनमधून झेंडे आणि शेवटी ‘जागे व्हा, पुढे पाठवा’. माझ्याकडेही तो वेगवेगळ्या गटांतून येत राहिला आणि मी तो दरवेळी पुसून टाकत राहिले. पण परवा भाच्यानं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण वाचायला दिलं. विषय होता ‘युद्ध आणि नेतृत्व’, आणि निम्मं भाषण त्या संदेशातून जसंच्या तसं उचललेलं. पोरगा अकरावीत आहे, छान बोलतो, आणि त्याला यातला शब्दन् शब्द खरा वाटतो. चार टाळ्यांच्या वाक्यांसाठी मुलं हे पाठ करणार असतील, तर उत्तर द्यायलाच हवं.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. एक, नेता लोकांना युद्धाकडे नेत नाही, लोकांच्या मनात जे आधीच असतं तेच तो बोलून दाखवतो. दोन, नेत्याकडे गुप्त माहिती असते, म्हणून सामान्य माणसानं पुरावा मागू नये. तीन, पहिला वार नेहमी शत्रूचाच असतो. चार, युद्धाला विरोध करणारे म्हणजे १९३८ मध्ये हिटलरपुढे नमतं घेणाऱ्या ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेनचे वारसदार. पाच, युद्धाच्या वेळी प्रश्न विचारणं ही शत्रूला मदत. सहा, श्रीकृष्णानंही अर्जुनाला युद्धालाच उभं केलं, मग आजच्या नेत्याला दोष का?

क्रमानं जात नाही. दुसरा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, आधी तो घेते.

‘नेत्याकडे गुप्त माहिती असते, पुरावा मागू नका’

हे एकदा मान्य केलं की नेत्याला पुढे काहीच सिद्ध करावं लागत नाही. ‘आम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला सांगता येत नाही’ हे म्हणणं त्या घडीला कुणालाच खोडता येत नाही. ते खोडलं जातं वर्षांनंतर, माणसं मेल्यावर. अमेरिका आणि ब्रिटननं २००३ मध्ये सुरू केलेल्या इराक युद्धाबाबत ते खोडलं गेलं आहे, आणि ते काही आंदोलकांनी केलेलं नाही. खुद्द ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीनं केलं. अध्यक्ष सर जॉन चिलकॉट, म्हणून तो चिलकॉट अहवाल. चौकशी २००९ मध्ये सुरू झाली, अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला. १२ खंड, सुमारे २६ लाख शब्द. या समितीला गुप्तचर संस्थांचे मूळ कागद पाहायला मिळाले. संदेश ज्या ‘गुप्त माहिती’च्या नावानं आपल्याला गप्प करतो, नेमकी तीच माहिती इथं टेबलावर आली आणि तिच्या शेजारी नेत्याचं भाषण ठेवून पाहता आलं.

मग काय दिसलं? २४ सप्टेंबर २००२ रोजी टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं इराकच्या शस्त्रास्त्रांवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. प्रस्तावना पंतप्रधानांच्या नावानं. तीत लिहिलं होतं की इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन रासायनिक आणि जैविक अस्त्रं बनवतोच आहे, हे गुप्तचर माहितीतून निःसंशय सिद्ध झालं आहे. मूळ कागदांत निःसंशय असं काही नव्हतं. संयुक्त गुप्तचर समितीनं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं की इराकच्या अस्त्रांबद्दलची माहिती तुटक आणि विखुरलेली आहे. चिलकॉट समितीचा निष्कर्ष सरळ आहे: धोक्याचं गांभीर्य ज्या खात्रीनं मांडलं गेलं, त्या खात्रीला आधार नव्हता. शिवाय शांततेचे मार्ग संपलेले नव्हते आणि युद्ध हा त्या वेळी शेवटचा उपाय नव्हता.

या कारागिरीकडे नीट बघा, कारण भाषणाची खरी ताकद इथं आहे. तळातला अधिकारी लिहितो ‘शक्यता दिसते’. वरच्या टिपणात ती ‘दाट शक्यता’ होते. छापील पुस्तिकेत ‘आहे’ होतं. व्यासपीठावर ‘यात तिळमात्र शंका नाही’. प्रत्येक पायरीवर थोडंसंच बदललेलं असतं, त्यामुळे धडधडीत खोटं बोलल्याचा ठपका कुणाएकावर येत नाही. खाली बसलेल्या श्रोत्याला मात्र फक्त शेवटची पायरी ऐकू येते.

त्याच पुस्तिकेत म्हटलं होतं की इराकची काही अस्त्रं हुकूम मिळाल्यापासून ४५ मिनिटांत वापरता येतील. मूळ माहिती होती ती रणांगणावर वापरायच्या कमी पल्ल्याच्या शस्त्रांविषयी. पुस्तिकेत हा फरक सांगितलाच नाही. वृत्तपत्रांनी मथळे असे दिले की सायप्रसमधल्या ब्रिटिश तळांवर पाऊण तासात मृत्यू कोसळू शकतो. मथळा चुकीचा आहे हे कळणारी माणसं सरकारात होती. कुणी दुरुस्ती केली नाही.

आणखी एक तपशील चिलकॉट अहवालातच आहे. त्या सप्टेंबरात परदेशी हेरगिरी करणाऱ्या खात्याकडे एका खबऱ्याचा वृत्तांत आला. त्यात रासायनिक द्रव्य काचेच्या गोळ्यांत भरून ठेवल्याचं वर्णन होतं. पुढे कुणीतरी लक्षात आणून दिलं की अशा अस्त्रांत काच सहसा वापरतच नाहीत, आणि एका गाजलेल्या हॉलिवूडपटात मात्र अगदी अशाच काचेच्या गोळ्या दाखवल्या आहेत. खबऱ्या खोटं बोलत होता असा निष्कर्ष खात्यानंच काढला आणि वृत्तांत मागे घेतला. पण तो मागे घेतला जुलै २००३ मध्ये. युद्ध मार्चमध्येच सुरू झालं होतं. पुरावा मागू नका म्हणणाऱ्यांनी हे एवढं एक प्रकरण वाचावं.

अमेरिकेत तर पुरावा मागणं हाच धोका ठरवला गेला. २६ ऑगस्ट २००२ रोजी उपाध्यक्ष डिक चेनी माजी सैनिकांच्या मेळाव्यात म्हणाले, सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत यात काही शंकाच नाही. ८ सप्टेंबरला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कोंडोलीझा राईस दूरचित्रवाणीवर म्हणाल्या की सद्दाम अण्वस्त्रं किती लवकर मिळवेल याबद्दल थोडी अनिश्चितता राहणारच, पण पक्का पुरावा अणुस्फोटाच्या ढगाच्या रूपात मिळायला नको. महिनाभरानं, ७ ऑक्टोबरला, अध्यक्ष बुश यांनी सिनसिनाटीच्या भाषणात हीच प्रतिमा वापरली. या वाक्यासमोर विरोधक काय बोलणार? ‘पुरावा दाखवा’ म्हणणारा माणूस जणू शहर बेचिराख होण्याची वाट पाहतो आहे, असं चित्र आधीच उभं झालेलं असतं. त्यानंतर चार दिवसांच्या आत अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी युद्धाचा अधिकार देऊन टाकला. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३, सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३.

५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जैविक अस्त्रांचा धोका दाखवायला हातात छोटीशी कुपी धरून बसले होते. आपलं प्रत्येक विधान भक्कम स्रोतांवर आधारलेलं आहे असं त्यांनी सांगितलं. त्यातला ट्रकवरच्या फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा भाग मुख्यतः जर्मनीत आश्रयाला गेलेल्या एका इराकी माणसाच्या सांगण्यावर उभा होता. त्याचं सांकेतिक नाव ‘कर्व्हबॉल’. अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएला युद्धाआधी त्याची स्वतः उलटतपासणी करायला मिळालीच नाही. २०११ मध्ये त्यानं आपण ते रचलं होतं हे कबूल केलं. त्याच काळात संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इराकमध्ये प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघत होते. सातशेहून जास्त तपासण्या झाल्या, अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी ७ मार्चला सुरक्षा परिषदेला सांगितलं की इराकनं नायजरमधून युरेनियम घेतल्याचे कागद खरे नाहीत. दोन आठवड्यांच्या आत बॉम्ब पडायला लागले. २००९ च्या जुलैपर्यंत किमान दीड लाख इराकी मेले, बहुतेक सामान्य नागरिक, आणि खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असं चिलकॉट अहवालच म्हणतो.

आता या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेही मान्य करते. सैन्य कुठं हलतं आहे, बातमी कुठल्या माणसानं दिली, हे सरकारनं जाहीर करू नये. कुणी तसं मागतही नाही. पण ‘धोका आहे का’ या प्रश्नाचं उत्तर दाखवता येतं, आणि दाखवलं गेलेलं आहे. १९६२ मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आल्यावर अमेरिकेचे प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी २५ ऑक्टोबरला सुरक्षा परिषदेत टेहळणी विमानानं काढलेली छायाचित्रं मोठी करून मांडली. जगानं ती पाहिली. अशी छायाचित्रं एरवी गुप्त ठेवली जातात, तरीही दाखवली. आणि ते प्रकरण युद्धाविना मिटलं.

‘नेता फक्त लोकांच्या मनातलं बोलतो’

लोकांच्या मनात आधीच असतं तर पटवण्यासाठी एवढी यंत्रणा कशाला लागते? पहिलं महायुद्ध चालू असताना अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन १९१६ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडून आले तेव्हा प्रचारातली घोषणा होती, ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’. २ एप्रिल १९१७ रोजी तेच विल्सन काँग्रेसपुढे उभे राहून जग लोकशाहीसाठी सुरक्षित करायचं म्हणून युद्ध मागत होते. मधल्या काळात जर्मनीनं पाणबुड्यांचं बेछूट युद्ध सुरू केलं होतं, हे खरं आहे, ते झाकायचं कारण नाही. पण युद्ध जाहीर होऊन आठवडाही होतो न होतो तोच, १३ एप्रिलला, विल्सननी लोकमाहितीसाठी एक सरकारी समिती नेमली, प्रमुख जॉर्ज क्रील. या समितीनं सुमारे ७५ हजार वक्ते तयार केले. चित्रपटगृहात रीळ बदलायला चारेक मिनिटं लागत, तेवढ्यात उभं राहून भाषण करायचं हे त्यांचं काम. विषय वरून ठरवून यायचा. बोलणारा मात्र गावातलाच, ओळखीचा माणूस, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते आपल्यातलंच कुणीतरी बोलल्यासारखं वाटे. ज्या देशानं पाच महिन्यांपूर्वी शांततेच्या घोषणेवर मत दिलं होतं, त्या देशात ही तयारी ‘मनातलं बोलून दाखवायला’ नव्हती.

१० ऑक्टोबर १९९० ची गोष्ट याहून बोचरी आहे. कुवेतवर इराकनं ऑगस्टमध्ये आक्रमण केलं होतं. वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या मानवाधिकार गटापुढे १५ वर्षांच्या एका कुवेती मुलीनं रडत रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून नवजात बाळांना काचपेटीतून काढून थंड फरशीवर मरायला टाकलेलं तिनं पाहिलं. अध्यक्ष बुश, म्हणजे थोरले बुश, यांनी काचपेट्यांची ही गोष्ट पुढच्या आठवड्यांत भाषणांत पुन्हा पुन्हा वापरली. सिनेटर्सनी ती चर्चेत वापरली. १२ जानेवारी १९९१ रोजी सिनेटनं युद्धाला मंजुरी दिली, ५२ विरुद्ध ४७. आणि बरोबर एक वर्षानं, जानेवारी १९९२ मध्ये, उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची कन्या होती, आणि तिची साक्ष कुवेत सरकारच्या पैशावर काम करणाऱ्या एका जनसंपर्क कंपनीनं घडवून आणली होती. तो खासदारांचा गट काँग्रेसची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे साक्ष शपथेवर झालीच नव्हती. काचपेट्यांच्या त्या गोष्टीला पुढे पुरावा मिळाला नाही. कुवेतमध्ये इराकी सैन्यानं अत्याचार केले हे सत्यच आहे. मग जे खरं घडलं तेवढं सांगून भागत नव्हतं का? नव्हतं, कारण लोकांच्या मनात युद्ध नव्हतं. ते तिथं घालायचं होतं, आणि त्यासाठी बाळं लागली.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे दोन गोष्टी नुसत्या शेजारी शेजारी ठेवायच्या. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला सद्दामनं घडवला असं बुश (धाकटे) यांनी थेट कधी म्हटलं नाही. पण वर्षभर त्यांच्या भाषणांत एका वाक्यात ११ सप्टेंबर आणि पुढच्या वाक्यात सद्दाम असंच येत राहिलं. ऑगस्ट २००३ मधल्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पाहणीत ६९ टक्के अमेरिकनांना वाटत होतं की त्या हल्ल्यात सद्दामचा हात असण्याची शक्यता आहे. पुढच्याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, बुश स्वतः म्हणाले की असा काही पुरावा आमच्याकडे नाही. तोवर सहा महिने युद्ध झालं होतं. लोकांच्या मनात आलं कुठून, याचं उत्तर यात आहे.

आणि जिथं लोकांच्या मनात नव्हतं, तिथं काय झालं? १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगभरातल्या शेकडो शहरांत लाखो माणसं युद्धाविरुद्ध रस्त्यावर आली. लंडनमध्ये तर तोवर एवढा मोर्चा कुणी पाहिला नव्हता. त्या वेळी ‘लोकांच्या मनातलं’ बोलून दाखवायला ब्लेअर का पुढे आले नाहीत?

‘पहिला वार नेहमी शत्रूचाच’

यावर फार वेळ घालवत नाही. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरनं जर्मन संसदेत सांगितलं की पोलंडनं आपल्या भूमीवर गोळीबार केला आणि आपण पहाटेपासून फक्त उत्तर देतो आहोत. आदल्या रात्री जर्मनीतल्या ग्लाइवित्झच्या रेडिओ केंद्रावर झालेला ‘पोलिश’ हल्ला नाझींच्याच माणसांनी रचलेला होता.

लोकशाही देशात असं होत नाही, असं कुणी म्हणेल, म्हणून व्हिएतनामजवळचं टोंकिनचं आखात. २ ऑगस्ट १९६४ ला उत्तर व्हिएतनामच्या बोटींनी अमेरिकी युद्धनौकेवर हल्ला केला, हा खरा. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला झालाच नव्हता. त्याच दिवशी तिथल्या तुकडीच्या प्रमुखानं वरती कळवलं होतं की पाणतीरांच्या बऱ्याच नोंदी संशयास्पद वाटतात, खराब हवामानामुळे रडारवर भलतंच दिसलं असावं आणि पाण्याखालचे आवाज टिपणारं ‘सोनार’ यंत्र ऐकणारी माणसंही उतावीळ झाली असावीत, तेव्हा पूर्ण तपासणी होईपर्यंत थांबावं. अध्यक्ष जॉन्सन त्याच रात्री उशिरा दूरचित्रवाणीवर आले आणि हल्ला झाला असं ठामपणे सांगून मोकळे झाले. ७ ऑगस्टला काँग्रेसमध्ये बळ वापरायचा अधिकार देणारा ठराव मंजूर. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकारानं पुढे सगळे संदेश तपासून दाखवलं की त्या रात्री हल्ला झाला नव्हता. तो अभ्यास खुला व्हायला २००५ उजाडलं. तोपर्यंत ५८ हजारांवर अमेरिकी सैनिक आणि त्याच्या कितीतरी पट व्हिएतनामी माणसं केव्हाच गेली होती.

‘विरोध करणारे चेंबरलेनचे वारसदार’

इथं अर्धं सत्य आहे, आणि ते मला नाइलाजानं का होईना कबूल करायला हवं. १९३८ च्या सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये चेंबरलेननी हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडू दिला, आणि सहा महिन्यांत त्यानं प्रागही घेतलं. ती घोडचूक होती. काही वेळा शत्रू खरोखरच तेवढा वाईट असतो.

पण या एका उदाहरणावर किती युद्धं खपवली गेली? १९५६ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांनी इजिप्तचे अध्यक्ष नासर यांना हिटलर-मुसोलिनीच्या रांगेत बसवून सुएझवर सैन्य पाठवलं. इस्रायल आणि फ्रान्सशी आधीच गुप्त संगनमत झालेलं असताना, इस्रायलच्या हल्ल्याची आपल्याला काही पूर्वकल्पना नव्हती असं त्यांनी पार्लमेंटला सांगितलं. पुढच्याच जानेवारीत राजीनामा द्यावा लागला. जॉन्सननी जुलै १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये सैन्य वाढवताना म्युनिकचाच धडा सांगितला. १९९० मध्ये सद्दाम हिटलर झाला. समोरचा माणूस हिटलर आहे की नाही हे तपासायचं असतं. नुसतं नाव उच्चारलं की तपासणी संपते, म्हणूनच ते उच्चारलं जातं.

भाच्याच्या भाषणात चर्चिलचं कौतुक होतं. मी त्याला चर्चिलचं ४ जून १९४० चं भाषण अख्खं वाचायला लावलं. ‘समुद्रकिनाऱ्यांवर लढू’ हा शेवट सगळ्यांना पाठ असतो. त्याआधीचा मोठा भाग कुणी वाचत नाही. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून सैन्य सुखरूप परत आलं होतं, देश आनंदात होता, आणि चर्चिल सांगत होते की या सुटकेला विजय समजू नका, माघारीनं युद्धं जिंकली जात नाहीत. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून ३० हजारांहून अधिक माणसं गमावली, जवळपास हजार तोफा गेल्या, हे त्यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं. नुकसान, धोका, किंमत, सगळं लोकांपुढे ठेवून मग लढायला सांगितलं.

त्याच्या शेजारी २००३ ठेवा. ७ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री रम्सफेल्ड सैनिकांना सांगतात की युद्ध सहा दिवस चालेल किंवा सहा आठवडे, पण सहा महिने काही चालेल असं वाटत नाही. १६ मार्चला चेनी सांगतात की इराकी लोक आपलं मुक्तिदाते म्हणून स्वागत करतील. भाषण जोशपूर्ण आहे की नाही हे बघून काही कळत नाही, जोश दोन्हीकडे असतो. किंमत कोण सांगतो आणि कोण लपवतो, ते बघावं. अमेरिकी सैन्य तिथं पहिल्या खेपेला आठ वर्षांहून जास्त राहिलं.

‘श्रीकृष्णानंही युद्धालाच उभं केलं’

या मुद्द्यानं मला सगळ्यांत जास्त चीड आली. गीता सांगितली गेली ती भीष्मपर्वात. त्याच्या आधी अख्खं उद्योगपर्व आहे आणि त्यात श्रीकृष्ण स्वतः दूत होऊन हस्तिनापूरला जातो. पांडवांचा हक्क अर्ध्या राज्याचा, तरी शेवटी पाच गावांवर तडजोड करायची तयारी. सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती देणार नाही म्हणणारा दुर्योधन होता. शिष्टाई करायला आलेल्या दूतालाच बांधून ठेवायचा बेत करणाराही तोच. इतकं सगळं फसल्यावर कुरुक्षेत्र आलं. एवढा भाग गाळून फक्त ‘ऊठ, युद्ध कर’ उचलणं हा ग्रंथाचा अपमान आहे.

आणि गीतेत तरी काय आहे? अर्जुन प्रश्न विचारतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शस्त्र खाली ठेवून, दोन्ही सैन्यं समोर उभी असताना विचारतो. त्याला कुणी शत्रूचा हस्तक म्हणत नाही. त्याला अठरा अध्याय उत्तर मिळतं. आणि सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर: ‘यथेच्छसि तथा कुरु’. सांगणारा स्वतः निःशस्त्र, रथाच्या पुढच्या बाजूला, बाणांच्या माऱ्यात. ज्याला लढायचं आहे त्यालाच समजावतो आहे, दुसऱ्याच्या मुलांना पाठवत नाही.

‘युद्धाच्या वेळी प्रश्न म्हणजे शत्रूला मदत’

अर्जुनानंतर या मुद्द्यात खरं तर काही उरत नाही. तरी दोन प्रसंग सांगते.

इ.स.पू. ४१५. अथेन्सच्या लोकसभेत सिसिलीवर स्वारी करायची की नाही यावर वाद चालू आहे. मदत मागायला आलेल्या सिसिलीतल्या एगेस्ता शहरानं आपल्याकडे युद्धखर्चाला अमाप संपत्ती असल्याचं सांगितलं होतं. ते तपासायला गेलेल्या अथेन्सच्या दूतांना घरोघरी मेजवान्या दिल्या गेल्या, सोन्याचांदीच्या पेल्यांतून. पेले आसपासच्या शहरांतूनसुद्धा मागून आणलेले होते आणि तेच ते या घरातून त्या घरात फिरवले जात होते. दूत थक्क होऊन परतले. निशियस हा अनुभवी सेनापती विरोधात बोलला. अल्किबिआडिस या तरुण, देखण्या वक्त्यानं सभा जिंकली. त्या काळचा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस लिहितो की बहुसंख्यांचा उत्साह एवढा होता की ज्यांना हे पटत नव्हतं, ते आपण देशाचे वैरी ठरू या भीतीनं गप्प बसले. दोन वर्षांत ते आरमार बुडालं, आणि वाचलेले हजारो सैनिक सिसिलीतल्याच सिराक्यूजच्या दगडाच्या खाणींत कैदी म्हणून खंगले. पेल्यांची खरी गोष्ट कळली ती स्वारी निघाल्यावर. त्या दिवशी सभेत गप्प बसलेल्या माणसांनी शत्रूचं नुकसान केलं की स्वतःच्या शहराचं?

दुसरा प्रसंग १४ सप्टेंबर २००१ चा. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला तीन दिवस झाले होते. अध्यक्षांना बळ वापरण्याचा अधिकार देणारा ठराव अमेरिकी काँग्रेसपुढे आला, त्याचा गाभा इंग्रजीत अवघा साठ शब्दांचा. सिनेटमध्ये विरोधात एकही मत नाही. प्रतिनिधिगृहात ४२० विरुद्ध १. ते एक मत कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली यांचं. हल्लेखोरांना शिक्षा होऊ नये असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आवाज कापत होता, पण त्यांनी एवढंच मागितलं की कुणीतरी क्षणभर थांबा, यातून काय काय घडेल याचा विचार करा, बाहेर पडायची वाट आणि नेमकं लक्ष्य ठरल्याशिवाय बेमुदत युद्धात उतरू नका. त्यांना देशद्रोही म्हटलं गेलं, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, पोलिस संरक्षण घ्यावं लागलं. त्या ठरावात कुठल्या देशाचं नाव नव्हतं आणि कुठलीही मुदत नव्हती. त्याच्या आधारावर सुरू झालेलं अफगाणिस्तानातलं युद्ध अमेरिकेनं थांबवलं ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि तेव्हा काबूलमध्ये पुन्हा तालिबानच होते.